पाहून आलेले कॉलेज

या घरातले एकही मूल न पाहिलेल्या कॉलेजात शिकायला गेलेले नाही, असे या कुटुंबाचे अधिकृत म्हणणे होते. ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवले जाई. कवळीचे माप द्यायला खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवले जाई, तेही त्याचे तोंड प्लास्टरने भरलेले असताना, म्हणजे प्रतिवाद अशक्य असताना. या विधानाची मौज अशी की ते अक्षरशः खरे होते. घरातली शिकलेली सगळी मुले ज्या कॉलेजात शिकली, ते घरच्याच कवळ्यांच्या कारखान्याच्या मागल्या खिडकीतून दिसे. ते न पाहणेच अवघड होते. ज्या कॉलेजांत ती गेली नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न त्या विधानात मावत नव्हता. आणि जे अधिकृत विधानात मावत नाही ते घडलेच नाही असे धरून चालण्याची सोय राज्यांच्या इतिहासात असते, तशीच ती घरांच्या इतिहासातही असते.

नियम आजोबांचा. माप घेतल्याशिवाय दात बसवायचा नाही, ही धंद्याची शिस्त त्यांनी उचलून जशीच्या तशी संसारात आणली: पाहिल्याशिवाय पोर धाडायचे नाही. ते गेल्यावर पाहून येण्याचे काम थोरल्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे आले. एखाद्या मुलाने लांबच्या कॉलेजाचे नाव काढले की दादा इस्त्रीचा सदरा घालून गाडीत बसे, परत येई, अंघोळ करी आणि अहवाल देई. मग घर एकमताने ठरवी. त्या एकमताची पडताळणी कुणी कधी केली नाही, आणि त्यालाही धंदाच कारण होता. दादाने पुढच्या खोलीत माप घ्यायचे, धाकट्या भावाने त्यात प्लास्टर ओतायचे, बहिणीने, म्हणजे आत्याने, त्यावर मेणात दात कोरायचे. ज्या तोंडासाठी दात कोरायचे ते तोंड आत्याने कधी पाहिलेले नसे. माप घेणाऱ्यावर कोरणाऱ्याने शंका घेऊ लागावे, तर दिवसाकाठी एक कवळी पुरी व्हायची नाही.

आज रविवार होता, म्हणून कारखान्यात मशीन बंद होते आणि माणसे चालू होती. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. घरातल्या सभा याच खोलीत भरत, कारण एवढे मोठे टेबल दुसरीकडे नव्हते. टेबलाच्या टोकाला दादा, सकाळच्या गाडीने उतरलेला. शेजारी त्याची बायको, म्हणजे काकू. समोर धाकटा भाऊ आणि त्याची बायको, आणि त्या दोघांच्या मध्ये स्टुलावर त्यांची मुलगी बारकी, जिच्यासाठी ही सभा होती. खिडकीला टेकून दादाचा मुलगा उभा होता. त्याला सगळे इंजिनिअर म्हणत, कारण तो झाला नव्हता.

आत्या आपल्या नेहमीच्या जागी, कोरणीच्या दिव्याखाली बसली होती. दिवा लावलेला नव्हता.

बारकीला भूगर्भशास्त्र शिकायचे होते. लांबच्या एका कॉलेजाने तिची निवड केली होती आणि उद्या दुपारपर्यंत एका पालकाला बरोबर घेऊन हजर राहायला सांगितले होते. नाही गेली तर जागा पुढच्या मुलीला. गाडी आज संध्याकाळची. या गणितात न सुटलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे पालक. आणि या घरातला कुठलाही पालक दादाच्या अहवालाआधी चप्पल पायात घालत नसे.

"तर," दादा म्हणाला, आणि घसा साफ केला. "इमारत जुनी आहे. भिंतींना ओल. वर जायचा जिना अंधारा, चढताना कठडा चाचपावा लागतो. मुलं पायऱ्यांवर बसलेली, गाठोड्यासारखी. तोंडं उतरलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शिट्ट्यांनी कान किटून गेले. असल्या जागी पोरगी काय अभ्यास करणार? आणि तो विभाग तर बंद पडायच्या बेतात आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?" बारकीने विचारले.

"तिथले लोक."

"झालं तर मग," काकू म्हणाली. निर्णय लवकर लागला की तिला दुपारी थोडे आडवे होता येई. "समोरचं कॉलेज काय वाईट आहे? डबा गरम देता येतो. खिडकीतून हाक मारली तरी ऐकू जातं."

"तेच वाईट आहे, काकू."

"उलट बोलू नकोस," बारकीची आई म्हणाली. ती हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणे, की त्यात आता रागही उरलेला नव्हता.

आत्याचे लक्ष यातल्या कशाकडेच नव्हते. 'गाठोड्यासारखी' या एका शब्दापाशी ती थांबली होती. दादा शब्दांचा मोठा शौकीन नव्हे. त्याच्या बोलण्यात उपमा आली तर ती दाताची किंवा हिरडीची असे. गाठोडे त्याच्याकडे कुठून आले, हे तिला ठाऊक होते. ते तिनेच तीस-एक वर्षे सांभाळले होते. तिला शिल्पकलेच्या कॉलेजात जायचे होते तेव्हा याच टेबलाशी, याच खुर्चीवरून, दादाने तो अहवाल दिला होता, आणि ज्याने आपले आयुष्य ठरते ते वाक्य माणसाला पाठ करावे लागत नाही. मुलं पायऱ्यांवर बसलेली, गाठोड्यासारखी. तोंडं उतरलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

ती पुष्कळ वाचणारी बाई होती. शहरातल्या ग्रंथालयाने तिच्यासाठी वेगळे कपाट करायला हवे होते, असे तिथला ग्रंथपाल थट्टेने म्हणे. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक पद्धत तिने कुठेतरी वाचून लक्षात ठेवली होती: एकच चूक तीन पोथ्यांत सापडली, तर त्या तीन वेगळ्या साक्षी धरत नाहीत. तिन्हींच्या मागची एकच मूळ प्रत शोधू लागतात.

"दादा," ती म्हणाली, "पुन्हा सांग ना. जिन्यापासून."

"एकदा सांगितलं की."

"मला नीट ऐकू आलं नाही."

दादाने पुन्हा सांगितले. त्याला सांगायला आवडे. जिना, कठडा, पायऱ्या, गाठोडी, तोंडे, शिट्ट्या. एका शब्दाचा फरक नाही. खरे पाहून आलेला माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी विसरतो, काहीतरी नवे आठवतो. हे पाठांतर होते.

खिडकीपाशी इंजिनिअरने मान वर केली.

"बाबा, माझ्या वेळेला पण ती मुलं गाठोड्यासारखीच बसली होती."

"मुलं सगळीकडे सारखीच बसतात."

"आणि शिट्ट्या पण होत्या."

"तू मध्ये बोलू नकोस," काकू म्हणाली.

"मी मध्ये नाही बोलत, आई. मी पंधरा वर्षांनी बोलतोय."

"माझ्याही वेळेला होती ती," आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा, मेण तापले का असे विचारावे तसा. "मूर्ती घडवायला आलेल्या पोरांची तोंडं कशाला उतरतील, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. मोठ्यानं नाही म्हटलं."

धाकटा भाऊ खुर्चीत सरकला. भांडण वाढू लागले की तो नेहमी दादाच्या बाजूला सरके, आणि या वेळी तर खुर्चीसकट सरकला. "ताई, आता जुनं उकरून काय मिळणार? दादा माझ्या लेकीसाठी स्वतः गेला. येता-जाता गाडीत उभं राहून हाल काढले."

"हाल काढले, कबूल. दादा, शिट्ट्या कसल्या रे?"

"कसल्या म्हणजे? गाडीच्या."

"कॉलेजात?"

"स्टेशन जवळ आहे."

बारकी खाली बघतच म्हणाली, "काका, कॉलेज टेकडीवर आहे. स्टेशनावरून बस लागते. शेवटच्या थांब्याला उतरून वर चढावं लागतं, असं त्यांनी कळवलंय. बूट चांगले घालून या म्हणाले."

"वाऱ्यावर येतो आवाज," दादा म्हणाला. "टेकडीवर वारा असतो."

हे बिनतोड होते, आणि क्षणभर सभा पुन्हा त्याच्या बाजूला गेली. काकूने तर पदर आवरून उठायची तयारी केली. टेकडीवर वारा असतो, याला कोण काय म्हणणार? अशा रीतीने पुष्कळ खोट्या गोष्टी एका खऱ्या वाक्याच्या आडोशाला वर्षानुवर्षे सुखाने नांदतात.

काकूला उठू दिले नाही ते बारकीच्या आईने. ही बाई या घरात आल्यापासून दिरापुढे मान वर करून बोललेली कुणाला आठवत नव्हते. आताही तिने मान वर केली नाही. टेबलावरची मेणाची कपची नखाने खरवडत ती म्हणाली, "दादा, त्या विभागाच्या मुख्यांना भेटलात का हो?"

"भेटलो तर. त्याशिवाय कसं येणार?"

"काय म्हणाले?"

"सगळं मोकळेपणानं सांगितलं. विभाग काही फार दिवस चालत नाही म्हणाले."

"बरं झालं भेटलात. वयानं मोठे असतील."

"साठीचे. टक्कल पडलेलं. दातही पुढचे दोन गेलेले."

"अगं बाई," ती म्हणाली आणि पुन्हा मेण खरवडू लागली. मुलीकडे तिने बघितलेसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती.

"त्या मुख्यांनीच माझी फोनवर मुलाखत घेतली," बारकी म्हणाली, "त्या बाई आहेत."

इंजिनिअरला हसू आले. त्याने ते खोकल्यात घालायचा प्रयत्न केला, पण ते काही खोकल्यात मावले नाही. "बाबा, दोन दात गेलेले होते तर आपलं कार्ड तरी द्यायचं."

"थट्टा करतोस? बापाची?" काकू आता खरोखर उठली होती, पण भांडायला. "वन्सं, तुम्ही सुरुवात केलीत म्हणून ही पोरं शेफारली. आयुष्यभर यांनी या घरासाठी खस्ता खाल्ल्या, आणि तुम्ही सगळे मिळून उलटतपासणी घेताय. शोभतं का हे?"

"वहिनी, बसा," आत्या म्हणाली. "उलटतपासणी संपली. आता मी सांगते दादानं काय पाहिलं ते. त्यानं खोटं नाही सांगितलं. जे पाहिलं तेच सांगितलंय, तिन्ही वेळा." ती दादाकडे वळली. "अंधारा जिना, कठडा धरून चढायचा. तो पुलावर जातो, या फलाटावरनं त्या फलाटावर. पायऱ्यांवर माणसं बसलीत, सामान पोटाशी धरून. गाडी उशिरा आहे म्हणून तोंडं उतरलीत, आणि अनोळखी आहेत म्हणून बोलत नाहीत. दादा, तू कॉलेज नाही सांगत आहेस. स्टेशन सांगतोयस. माझ्या वेळेलाही तू मला स्टेशनच सांगितलंस, आणि मी ते कॉलेज समजून तिथे गेले नाही."

आत्याला वाटले होते की हे वाक्य आपण कधी बोललोच तर आवाज फुटेल, हात थरथरतील. तसे काहीच झाले नाही. राग होता. तो इतका जुना झाला होता की त्याचे आता हाड झाले होते, आणि हाड थरथरत नाही.

धाकट्या भावाने दादाकडे पाहिले. आयुष्यभर ज्या मापात डोळे मिटून प्लास्टर ओतले, ते माप पहिल्यांदाच उलटे करून बघावे तसे. "दादा? ताई म्हणते ते..."

दादाने उत्तर दिले नाही. उत्तर न देणे, हे या घरात आजवर फक्त बायकांचे काम होते.

धाकट्याने खुर्ची पुन्हा सरकवली. या वेळी मुलीकडे. "गाडी कधीची आहे ग?"

"अजून वेळ आहे, बाबा. पण निघायला हवं."

"जायचंच आहे का तुला नक्की?" त्याने विचारले. हा विरोध नव्हता. उशिरा का होईना, माप घेणे होते. "तिथे काय आहे ते आपल्याला आता कुणालाच ठाऊक नाही. ताईला नाही, मला नाही. कदाचित ओलही असेल. कदाचित विभाग खरंच बंद पडेल."

"असेल," बारकी म्हणाली. "त्या बाईंनी मला विचारलं, नदीतला गोटा गोल का असतो. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, आणि आता यात जे चुकतं ते इथे येऊन शोध. बाबा, मला आजवर कुणीही माझ्या बरोबर उत्तरातलं काय चुकतं ते शोधायला सांगितलं नव्हतं. समोरच्या कॉलेजात हा विषयच नाही. ओल असली तर मी स्वेटर नेईन. विभाग बंद पडायला लागला तर बघू तेव्हा. पण मी या स्टुलावरून उठेन ती स्टेशनावर जायलाच. बरोबर एक पालक लागतो. कुणी उठणार असेल तर उठा. नाही उठलात तर मी इथेच बसून आहे. उद्या तुम्हाला काम मला वळसा घालून करावं लागेल."

"बापावर गेलीय असं कुणीही म्हणणार नाही," इंजिनिअर म्हणाला.

"मी येतो," तिचा बाप म्हणाला आणि उठलाच. उठल्यावर पुढे काय करायचे ते त्याला सुचेना, म्हणून तो तसाच उभा राहिला. बायकोने त्याला सांगितले की सदरा खुंटीला आहे, आणि बाकीचे तिने कालच भरून ठेवले आहे.

"काल?" काकू म्हणाली. "अहवाल तर आज आला."

"हो ना," बारकीची आई म्हणाली.

आत्याही उठली. तिने पदराला हात पुसले, हातांना काही लागलेले नसताना. आपण कशासाठी उठलो हे तिला पक्के माहीत होते. भाचीची गाडी आता कुणी अडवणार नव्हते, ते काम झाले होते. दुसरे राहिले होते.

दादाला कंठ फुटला तो या क्षणी. "सगळे मलाच धरा," तो म्हणाला. "मला काय हौस होती? मी कधी म्हटलं होतं का, मला पाठवा म्हणून? बाबा गेल्या दिवसापासून तुम्हीच धाडलंत मला. सदरा इस्त्री करून हातात देत होतात. एकानं तरी कधी म्हटलं का, दादा थांब, मी येतो बरोबर?"

हे खरे होते. आत्याने ते मनात तपासून पाहिले आणि त्यात काही चूक सापडली नाही. कुणीही म्हटले नव्हते. तिने स्वतः म्हटले नव्हते. त्या वयात आपल्याला हव्या त्या कॉलेजाच्या फाटकापर्यंत स्वतः जायचे एवढे साधे तिला सुचले नव्हते, कारण माप घ्यायचे काम तिचे नव्हते. घराच्या या शिस्तीचे गोडवे पुढच्या खोलीत बसून गाता येतात. मागच्या खोलीतून ती कशी दिसते, हे मागच्या खोलीतल्यांना विचारावे लागते.

"नाही म्हटलं," ती म्हणाली. "आता म्हणते. चल. आम्ही निघालोच आहोत, तूही चल. टेकडी चढू. फाटकातून पहिला आत तू जा, आम्ही मागून येतो. एक कॉलेज तरी पाहून ये, दादा."

"मला नको."

"का नको?"

"गुडघे दुखतात."

"काल दुखत नव्हते?"

"ताई, सोड आता," धाकटा सदऱ्याची बटणे लावत म्हणाला. "आपली पोरगी जातेय ना? मग झालं."

"तुझी जातेय," आत्या म्हणाली. "मी माझ्याबद्दल विचारतेय."

इंजिनिअर खिडकीपासून निघून टेबलाशी आला आणि आत्याच्या बाजूला उभा राहिला. त्याचे विचारणे तेवढेच होते. काकूने नवऱ्याकडे पाहिले. हा माणूस पाहून काय येतो, याची खात्री तिने तरी कधी करून घेतली होती?

"का नको, दादा?" आत्याने पुन्हा विचारले.

दादाने समोरचे रिकामे कप एकात एक घालून बाजूला सारले. मग तो बोलला. त्याने इतक्या वर्षांत या टेबलावर जे जे अहवाल दिले, त्यांतला स्वतः भोगून दिलेला हा एकच. म्हणून तो त्याच्या शब्दांत, एक अक्षर इकडचे तिकडे न करता, इथे ठेवला आहे:

"तुझ्या वेळेला मी फाटकापर्यंत गेलो होतो. पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम आहे. मला सांगताच येईना. बाबांनी मला आठवीतून काढून इथे बसवलं, कॉलेजात जाऊन काय बघायचं असतं, कुणाला काय विचारायचं असतं, ते मला काय माहीत? मागे पोरं उभी होती, आत जायला. त्यांना वाट द्यायला म्हणून मी बाजूला झालो, आणि बाजूला झालो तो झालोच. गाडी संध्याकाळची होती, म्हणून स्टेशनात बसून राहिलो. घरी येऊन काहीतरी सांगायला हवं होतं, तर जे समोर दिसलं होतं ते सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या दोन्ही वेळेला मी स्टेशनाबाहेरही पडलो नाही. आणि आता विचारतेसच तर सांगतो. तू इथे राहिलीस, त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दात कोरायला माणूस मिळालं होतं."